संगणकाची कालजुळणी : दोष व निदान

संगणकाचे घड्याळ नेटवर्कवरील कालसर्व्हरशी जुळवणे आणि ते जुळत नसल्यास कारण शोधणे. बोलीत ‘टाइम सिंक’.

जुळणी एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) या नियमसंचाने होते. तो डेव्हिड मिल्स यांचा. जन्मवर्ष सामान्यतः १९८५ (आरएफसी ९५८; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) धरतात. मिल्स यांचाच १९८१ चा आरएफसी ७७८ पाहता आरंभ मागे नेता येतो; तथापि आजच्या रचनेचे नाते १९८५ च्या मसुद्याशी अधिक जवळचे. चालू चौथी आवृत्ती २०१० ची (आरएफसी ५९०५).

संगणक निरोप १०:००:००.००० ला धाडतो. सर्व्हर स्वतःच्या घड्याळाने तो ०२.०४० सेकंदाला घेतो व ०२.०४१ ला उत्तर देतो; ते संगणकाच्या घड्याळाने ००.०६१ ला पोचते. जाण्याचा फरक २.०४०, येण्याचा १.९८०, सरासरी २.०१०, म्हणजे संगणक तेवढे सेकंद मागे. येथे जाण्यायेण्यास सारखाच वेळ लागतो असे गृहीत आहे. प्रत्यक्षात जायला ५० व यायला १० मिलिसेकंद लागले असतील, तर खरा फरक १.९९० असतो आणि २० मिलिसेकंदांची चूक कोणत्याही आज्ञेने दिसत नाही.

निदानात फरकाचा आकडा आधी पाहावा. नेमका साडेपाच तासांचा फरक म्हणजे कालविभागाची चूक, किंवा एकाच यंत्रावर विंडोज व लिनक्स: पहिले मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, दुसरे सहसा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ; भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे). दिवसाला एकदोन सेकंदांची घसरण घड्याळाचा ठेका देणाऱ्या स्फटिकाची. २० पीपीएमच्या (दहा लाखांत २० भाग) चुकीला दिवसाकाठी १.७ सेकंद. तारीखच काही वर्षे मागे गेली, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी संपली. गोव्यात चतुर्थीच्या सुट्टीत भिंतीवरचे बटण बंद ठेवलेल्या जुन्या संगणकांत हे हटकून आढळते. खाऱ्या दमट हवेने बॅटरीची पट्टी गंजते, तीही पुसून घ्यावी. (पणजीची सौरवेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३५ मिनिटे मागे आहे, पण घड्याळ तितके मागे पडल्यास दोष सूर्याचा नव्हे.)

बॅटरी बदलल्यावर तारीख हाताने लावावी. एनटीपीडी (ही जुळणी पार्श्वभूमीत करणारा प्रोग्रॅम) १००० सेकंदांहून मोठा फरक दिसला की ‘-जी’ (-g) पर्यायाविना बंद पडतो. स्वतंत्र विंडोज यंत्राची मूळ मर्यादा ५४,००० सेकंद. १२८ मिलिसेकंदांपर्यंतचा फरक एनटीपीडी सावकाश भरून काढतो, सेकंदाला फार तर अर्धा मिलिसेकंद. तेवढा धीर धरावा.

त्यानंतर ‘एनटीपीक्यू -पी’ (ntpq -p) या आज्ञेने दिसणाऱ्या यादीतील ‘रीच’ हा रकाना पाहावा. तो अष्टमान पद्धतीत असतो: ३७७ म्हणजे मागील आठही विचारणांना उत्तर आले. सुरुवातीला १, ३, ७, १७ असा चढतो, हा दोष नव्हे. बराच वेळ ० राहिल्यास उत्तरच येत नाही. बहुधा फायरवॉलने यूडीपी १२३ (एनटीपीचे निरोप ज्यातून जातात तो पोर्ट) अडवलेले असते. वेबपाने उघडतात म्हणून हा दरवाजाही खुला असेल, असे मानू नये. उत्तर येऊनही स्ट्रेटम (मूळ घड्याळापासूनची पायरी) १६ दिसला, तर सर्व्हरच जुळलेला नाही, दुसरा निवडावा.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार संस्थांनी एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र), एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरवरून वेळ घ्यायची असते.