खोली ३,००० मीटर, पण कुठून मोजलेली?

उत्तर समुद्रात, नॉर्वेच्या स्टॅव्हांगर शहराच्या पश्चिमेला सुमारे २०० किलोमीटरवर, व्होल्व नावाचं एक लहानसं तेलक्षेत्र होतं. २००८ ते २०१६ या काळात तिथून तेल निघालं, मग ते बंद झालं. २०१८ मध्ये इक्विनॉर कंपनीने तिथली माहिती, सुमारे ४०,००० फायली, अभ्यासासाठी खुली केली. त्यात ड्रिलिंगचे रोजचे अहवालही आहेत. तेल कंपन्या असे अहवाल सहसा बाहेर जाऊ देत नाहीत. रिगवर, म्हणजे विहीर खोदणाऱ्या यंत्रसज्ज मंचावर, कधी पाय ठेवायला मिळणार नाही अशा विद्यार्थ्याला आता घरबसल्या ते वाचता येतात, आणि वाचावेतच.

यातल्या एका विहिरीचं नाव आहे १५/९-एफ-११ बी. १५ हा समुद्राच्या नकाशावरचा मोठा चौकोन, ९ हा त्यातला ब्लॉक, एफ-११ ही विहीर. आणि बी? विहीर खोदताना कधी पाइप अडकतो, कधी तेलाच्या थराचा दुसरा भाग गाठायचा असतो. अशा वेळी आधीच्याच भोकाच्या कडेतून नवी वाट काढतात. तिला साइडट्रॅक म्हणतात. समुद्रतळावरचं तोंड एकच, खाली वाटा अनेक. सातबाऱ्यावर एका गटाचे पोटहिस्से पडले की प्रत्येकाची नोंद वेगळी होते, तसंच इथेही. अशी प्रत्येक वाट म्हणजे एक वेलबोअर.

हे अहवाल ज्यात भरले जातात त्या सॉफ्टवेअरचा कणा हा वेलबोअरच आहे. विहिरीची जागा आणि तिथल्या पाण्याची खोली या गोष्टी विहिरीच्या नोंदीत राहतात. भोकाची दिशा, खोदताना भोकात फिरवल्या जाणाऱ्या चिखलाची घनता, भोक ढासळू नये म्हणून बसवलेले पोलादी पाइप (केसिंग) हे सगळं मात्र वेलबोअरला जोडायचं. ते थेट विहिरीला जोडलं तर ‘ए’मधला ३,००० मीटरवरचा खडक आणि ‘बी’मधला ३,००० मीटरवरचा खडक एकाच रांगेत येऊन बसतील. प्रत्यक्षात त्यांच्यात शेकडो मीटरचं अंतर असू शकतं.

खोलीच्या आकड्याजवळ जरा थांबायला हवं. भोकात टेप सोडून कुणी मोजत नाही. आत गेलेल्या पाइपांची लांबी एकेक करून मिळवायची, की खोली निघते. ही मोजणी रिगच्या फ्लोअरवरून सुरू होते, आणि व्होल्वमध्ये तो समुद्रसपाटीपासून सुमारे ५५ मीटर उंच होता. दुसरी रिग आली की ही उंची बदलते. म्हणून शून्य कुठे धरलं आहे याची नोंद आकड्यासोबत ठेवावीच लागते. शिवाय विहीर तिरकी जाते, त्यामुळे वाटेने मोजलेली लांबी आणि सरळ उभी खोली हे आकडे वेगळे पडतात. पाइपच्या टोकाला खडक कापणारा बिट असतो; तो बदलायला पाइप वर काढतात तेव्हा बिटची खोली कमी होत जाते, भोक मात्र तेवढंच राहतं. दोन्हींसाठी एकच रकाना ठेवला तर विहीर उथळ होत चालली आहे असं दिसेल!

वेळेची मांडणी त्या मानाने सोपी. व्होल्वच्या अहवालात दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि चोवीस तासांचे तुकडे पडतात. प्रत्येक ओळीत सुरुवात, शेवट, खोली, कामाचा मुख्य आणि उपप्रकार, काम नीट झालं की नाही, आणि शेरा. मध्यरात्री चालू असलेलं काम दोन अहवालांत विभागलं जातं, तेव्हा एकूण तास काढताना ते तुकडे पुन्हा जोडावे लागतात.

कामाचे प्रकार ठरलेल्या यादीतून निवडायचे असतात, त्यामुळे ते मोजता येतात. दुरुस्तीत किती तास गेले हे कॉम्प्युटर क्षणात सांगतो. पण कोणता पंप, कशामुळे बंद पडला, हे शेऱ्यातच सापडतं, तेही घाईत लिहिलेल्या तुटक, लघुरूपांनी भरलेल्या इंग्रजीत. मला अहवालाचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. प्रकार निवडणारा शेवटी माणूसच असतो. भोक आवळलं म्हणून तोच टप्पा पुन्हा घासून काढावा लागला, तर एक अधिकारी ते ड्रिलिंगमध्ये धरतो, दुसरा खोळंब्यात. दोन विहिरींच्या वाया गेलेल्या तासांची तुलना करायची तर आधी शेरे वाचावे लागतात, आणि कोणत्या ओळी खरोखर एकाच जातीच्या आहेत ते ठरवावं लागतं.