उद्यमबागेतला सिलिंडर आणि डेटाबेसची जुनी शर्यत

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक प्रेस बनवणाऱ्या कारखान्यासाठी सॉफ्टवेअर लिहायला घेतलं की पार्ट लिस्टपाशी गाडी अडते. प्रेसमध्ये सिलिंडर, सिलिंडरमध्ये बॅरल, पिस्टन, रॉड, ग्लँड आणि सील किट, किटमध्ये पुन्हा चार-पाच सील. जावात किंवा सी प्लस प्लसमध्ये हे झाड ऑब्जेक्ट म्हणून, म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या माहितीच्या तुकड्यांचं, सहज उभं राहतं. पण ते डिस्कवर तसंच्या तसं ठेवायचं, की टेबलांमध्ये फोडून? आणि त्यातलं वेगवान कुठलं? प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्या पोरांना या प्रश्नाची भुरळ पडते. भांडण मात्र त्यांच्या जन्माआधीचं आहे.

रिलेशनल मॉडेल, म्हणजे सगळा डेटा टेबलांत ठेवायची पद्धत, आयबीएमच्या एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलं. त्याआधीच्या डेटाबेसमध्ये एका नोंदीकडून दुसरीकडे बोट धरून जावं लागे. कॉड यांनी ती बोटं काढून टाकली. काय हवं ते सांगा, कसं शोधायचं ते डेटाबेस बघेल. बँकेच्या खात्यांना, पगारपत्रकाला हे चपखल बसलं. 1980 च्या दशकात कॅडवाल्यांची, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करणाऱ्यांची, गरज वेगळी निघाली. त्यांना एक डिझाइन उघडून त्याच्या भागांतून तासन्‌तास फिरायचं होतं. त्यांच्यासाठी जेमस्टोन, ऑब्जेक्टस्टोर, व्हर्संट, ऑब्जेक्टिव्हिटी, फ्रान्सचा ओटू असे ऑब्जेक्ट डेटाबेस, म्हणजे ऑब्जेक्ट जसेच्या तसे ठेवणारे, बाजारात आले. 1989 मध्ये या पंथाचा जाहीरनामा निघाला. पुढच्याच वर्षी मायकेल स्टोनब्रेकर आणि मंडळींनी प्रतिजाहीरनामा काढला: ऑब्जेक्ट हवेत तर रिलेशनलमध्येच आणा.

वेग मोजायची पहिली नावाजलेली चाचणी सन मायक्रोसिस्टिम्सच्या रिक कॅटेल यांची. ती ओओवन म्हणून ओळखली जाते. तिच्यावरचा त्यांचा आणि स्कीन यांचा लेख 1992 चा. आपल्याकडच्या कुठल्याही स्टोअरकीपरला ती बघताक्षणी कळेल, कारण तिच्यात होते फक्त पार्ट आणि जोडण्या. 20,000 पार्ट, प्रत्येकाच्या तीन जोडण्या. एका पार्टपासून निघून सात पातळ्या खाली जायचं, म्हणजे एकूण 3,280 थांबे. दर थांब्याला सर्व्हरकडे क्वेरी (डेटाची मागणी) पाठवली तर 3,280 हेलपाटे. ऑब्जेक्ट डेटाबेस तेवढा डेटा एकदाच प्रोग्रामच्या मेमरीत ओढून घेई आणि पुढे पॉइंटरवरून, म्हणजे मेमरीतल्या थेट पत्त्यांवरून, सरसर उतरे. फरक दहापटींहून जास्त निघाला.

त्या वेळी याचा अर्थ "ऑब्जेक्ट जिंकले" असा लावला गेला. मला तो पटत नाही. लेखकांनी स्वतःच दिलेली कारणं बघा: प्रत्येक कॉलमागचा खर्च कमी, काम सर्व्हरऐवजी वर्कस्टेशनवर, मोठ्या मेमरीचा वापर, आणि थेट दुवे. यातलं शेवटचं सोडलं तर मॉडेलचा संबंध फारसा नाही. मेमरीत डेटा ओढून ठेवायची तीच सोय, म्हणजे कॅश, रिलेशनलच्या पुढ्यात ठेवली की अंतर बरंच आटतं.

शिवाय फाउंड्रीचा प्रश्न उलटा येतो. एखाद्या हीटच्या (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या) कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, निघाले. त्या हीट नंबरचे बॅरल कुठल्या कुठल्या सिलिंडरला बसले, आणि ते कुणाकुणाला गेले? इथे झाडावरून खाली उतरून उपयोग नाही, सगळ्या झाडांना आडवं छेद देऊन बघायचंय. हीट नंबरवर इंडेक्स (शोधसूची) आणि दोन जॉइन (टेबलांची जुळणी), की काम झालं. नुसत्या पॉइंटरवर विसंबलेला प्रोग्राम प्रत्येक प्रेस उघडत बसेल. 1993 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या केरी, डेविट आणि नॉटन यांनी ओओसेव्हन चाचणी आणली. तिच्यात फिरणं, शोधणं, बदल करणं असं सगळं होतं, आणि निकाल एकाच आकड्यात द्यायचं त्यांनी मुद्दाम टाळलं. (डेविट यांना आकड्यांची किंमत माहीत होती. त्यांच्या आधीच्या एका चाचणीनंतरच, परवानगीशिवाय निकाल छापू नयेत अशी अट डेटाबेसच्या लायसन्समध्ये शिरली. तिला आजही त्यांचंच नाव आहे.)

पुढचं पटकन सांगतो. ऑब्जेक्टवाल्यांच्या ओडीएमजी गटाचं मानक 1993 मध्ये आलं, पण तो गटच 2001 मध्ये बंद झाला. रिलेशनलची भाषा असलेल्या एसक्यूएलच्या 1999 च्या मानकात रिकर्सिव्ह क्वेरी, म्हणजे आपल्याच उत्तरावर पुन्हा पुन्हा चालणारी क्वेरी, आली. सात पातळ्यांचा पसारा तेव्हापासून एका क्वेरीत मागता येतो. 2001 मध्येच जावासाठी हायबरनेट हे साधन आलं आणि ऑब्जेक्ट टेबलांत फोडायचं काम प्रोग्रामरच्या हातून गेलं.

त्याबरोबर हेलपाटेही मागच्या दाराने परतले. पन्नास प्रेसची यादी मागायची आणि लूपमध्ये प्रत्येकीचे सिलिंडर वाचायचे, असं लिहिलं की हायबरनेट गुपचूप एक अधिक पन्नास क्वेरी मारतं. डेमोला तीन प्रेस असतात, कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून कुणी आज दोन्हींची तुलना करायला निघालं, तर आधी क्वेरीचा लॉग चालू करून ओळी मोजाव्यात, मग स्टॉपवॉच काढावं. नाहीतर डेटाबेसच्या नावावर स्वतःच्या लूपचाच वेळ मोजला जातो.