पगार घेत परिचारिका होण्याची वाट: इंग्लंडमधील पार्श्वभूमी

1815 च्या कायद्याने अपॉथेकरी, म्हणजे औषधे देणाऱ्या वैद्यांसाठी, पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती आणि पुढे परिचारिकाही रुग्णालयांत राबत राबतच शिकल्या. मात्र आरोग्य आणि देखभाल क्षेत्रातील आजची शिकाऊ उमेदवारी त्या परंपरेतून सरळ आलेली नाही. विद्यार्थिनींना स्वस्त मनुष्यबळ म्हणून राबवले जाते, या तक्रारीमुळेच 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून परिचर्येचे शिक्षण रुग्णालयांच्या शाळांतून उच्चशिक्षण संस्थांकडे जाऊ लागले आणि 2013 पर्यंत परिचारिका होण्यासाठी पदवी अनिवार्य झाली.

2017 साली दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. एप्रिलमध्ये, ज्यांचा वार्षिक पगारखर्च 30 लाख पौंडांहून अधिक आहे अशा मालकांवर पगारखर्चाच्या अर्धा टक्का दराने प्रशिक्षण लेव्ही, म्हणजे उमेदवारांच्या प्रशिक्षणासाठीचा सक्तीचा कर, बसली आणि त्यात सरकारी रुग्णालयेही आली; ऑगस्टपासून परिचर्येच्या नव्या विद्यार्थ्यांचे विद्यावेतन बंद झाले. कर्ज काढून शिकणे ज्यांना परवडणारे नव्हते, त्यांच्यासाठी पगारी उमेदवारीतून पदवी हा मार्ग त्यामुळे अधिकच महत्त्वाचा ठरला.

खरा वाद पेटला तो लेव्हीच्या पैशाच्या वापरावरून. हा पैसा केवळ प्रशिक्षण आणि मूल्यमापन यांवर खर्च करता येत होता, उमेदवाराच्या पगारावर किंवा त्याच्या जागी आणलेल्या बदली माणसावर नव्हे. परिचर्येच्या पदवीला तर 4,600 तास लागतात, त्यांतले निम्मे प्रत्यक्ष कामाचे, आणि त्या काळात उमेदवाराला वॉर्डच्या मनुष्यबळात मोजायचे नाही असा नियामकांचा दंडक आहे. म्हणजे रुग्णालयाने लेव्ही भरायची, पगार द्यायचा आणि वर रिकामी जागाही भरायची. ही विसंगती पहिल्या दिवसापासून उघड होती. तरीही प्रत्येक उमेदवारामागे वर्षाला 8,300 पौंडांची मदत जाहीर व्हायला ऑगस्ट 2020 उजाडले.

नर्सिंग असोसिएट, म्हणजे सहायक आणि परिचारिका यांच्या मधले पद, याची व्यावसायिक नोंदणी जानेवारी 2019 पासून सुरू झाली; त्याच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात नियामकांनी वेगळी मुभा दिली: उमेदवाराला मनुष्यबळात मोजा, पण शिकण्याचा वेळ राखून ठेवा. कागदावर हे ठीक वाटते. सकाळच्या पाळीला दोघे जण आजारी पडले आणि अंथरुणे बदलायची, न्याहारी द्यायची राहिली की राखून ठेवलेला वेळ कोणाचा जातो, हे मात्र वॉर्डमधल्या कोणालाही विचारावे लागत नाही. जुनीच तक्रार अशी मागच्या दाराने परतली.

देखभाल क्षेत्राची गोष्ट निराळी. लहान केअर होम, म्हणजे वृद्ध व आजारी लोकांची देखभाल करणारी निवासगृहे, लेव्हीच्या मर्यादेत येत नाहीत. त्यांना प्रशिक्षणखर्चाचा वाटा उचलावा लागे, आधी दहा टक्के आणि 2019 पासून पाच टक्के. 2025 मध्ये 19 वर्षांवरील उमेदवारांसाठी इंग्रजी व गणिताच्या पात्रतेची सक्ती गेली आणि उमेदवारीची किमान मुदत बारा महिन्यांवरून आठ महिन्यांवर आली.