बर्मिंगहॅम आणि हंट्सव्हिल: अलाबामातील दोन शहरांच्या उलटलेल्या क्रमाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात १९१० पासूनच्या प्रत्येक जनगणनेत बर्मिंगहॅम हेच सर्वांत मोठे शहर होते. २०२० च्या जनगणनेत तो क्रम मोडला. हंट्सव्हिलची लोकसंख्या २,१५,००६ भरली, बर्मिंगहॅमची २,००,७३३ आणि राजधानी माँटगोमेरी अवघ्या १३० माणसांनी त्याच्या मागे राहिली. पुढे २०२२ मध्ये एका नामांकित अमेरिकी साप्ताहिकाच्या परंपरेतून निघणाऱ्या क्रमवारीने हंट्सव्हिलला देशातील राहण्यासाठी सर्वोत्तम शहर ठरवले. तेव्हापासून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अलाबामाचा विचार करणाऱ्याला एकच ठरीव उत्तर मिळते: हंट्सव्हिल चढते आहे, बर्मिंगहॅम उतरते आहे. उत्तर अगदीच खोटे नाही. पण ते अपुरे आहे. दोन्ही शहरांचा पोशिंदा विसाव्या शतकात बाहेरचा राहिला, एकाचा पोलाद कंपनी आणि दुसऱ्याचा केंद्र सरकार, आणि आजच्या नावलौकिकातला बराचसा फरक तिथून आलेला आहे.

यादवी युद्ध संपले तेव्हा बर्मिंगहॅम अस्तित्वातच नव्हते. १८७१ मध्ये दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदणार होते तिथली शेतजमीन एका जमीन कंपनीने घेतली, भूखंड पाडले आणि इंग्लंडमधील कारखानदार शहराचे नाव गावाला दिले. जागेची निवड विचारपूर्वक होती. लोखंड तयार करायला लागणारे लोहखनिज, दगडी कोळसा आणि चुनखडी ही तिन्ही द्रव्ये एकमेकांच्या इतक्या जवळ सापडणे दुर्मीळ असते. इथे ती शहराच्या परिसरातच होती. १८७३ मध्ये पटकीची साथ आणि देशव्यापी आर्थिक मंदी एकदम आली, तेव्हा गाव उठतेच की काय अशी वेळ आली होती. मात्र १८८० च्या दशकात भट्ट्या पेटल्या आणि वस्ती इतक्या झपाट्याने वाढली की लोक त्याला ‘जादूनगरी’ म्हणू लागले. १९०० मधील ३८ हजारांची वस्ती १९१० मध्ये १,३२,६८५ झाली. त्यात भोवतालची गावे शहराला जोडून घेतल्याचाही मोठा भाग होता.

या भरभराटीला एक काळी बाजू होती. राज्य सरकार आणि परगणे कैद्यांना, त्यातही बहुतांश कृष्णवर्णीयांना, खाणमालकांकडे भाड्याने देत आणि त्यातून महसूल कमावत. क्षुल्लक गुन्ह्यात अडकवलेला माणूस कोळशाच्या खाणीत पाठवला जाई. अलाबामाने ही पद्धत १९२८ मध्ये, देशात सर्वांत शेवटी, बंद केली.

मालकी परक्या हातात गेली ती १९०७ च्या आर्थिक घबराटीत. बर्मिंगहॅममधील सर्वांत मोठी टेनेसी कोल, आयर्न अँड रेलरोड ही कंपनी त्या वर्षी यूएस स्टीलने विकत घेतली आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या व्यवहाराला हरकत घेतली नाही. त्यानंतर पोलादाच्या दरपद्धतीचा फटका बसला. माल कुठेही तयार झालेला असो, किंमत पोलादनगरी पिट्सबर्गची धरायची आणि वर तिथून गिऱ्हाइकापर्यंतचे रेल्वेभाडे लावायचे, असा रिवाज होता. बर्मिंगहॅमच्या मालावर भाड्याऐवजी टनामागे ठरावीक जादा रक्कम घेतली जाई. म्हणजे खाणीशेजारी स्वस्तात तयार होणाऱ्या पोलादाचा फायदा शेजारच्या कारखान्याला मिळतच नसे. केंद्रीय व्यापार आयोगाने १९२४ मध्ये ही पद्धत थांबवण्याचा आदेश दिला. तिने शहराची वाढ नेमकी किती खुंटवली यावर अभ्यासकांचे एकमत नाही. परंतु पोलादावर उभ्या राहणाऱ्या इतर उद्योगांची जी साखळी पिट्सबर्ग वा शिकागोभोवती तयार झाली, ती इथे त्या प्रमाणात झाली नाही, एवढे निश्चित.

शहराचे मानचिन्ह ठरलेली व्हल्कनची मूर्ती या संदर्भात पाहण्याजोगी आहे. १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनासाठी शिल्पकार जुझेप्पे मोरेत्ती याने रोमन अग्निदेवतेची ५६ फूट उंचीची मूर्ती घडवली आणि ती स्थानिक बिडात ओतली गेली. प्रदर्शनात तिची वाहवा झाली. परत आल्यावर मात्र रेल्वेचे भाडे कोणी भरायचे यावरून तिचे तुकडे रुळांशेजारी पडून राहिले. पुढे ती जत्रेच्या मैदानात उभी केली गेली तेव्हा उजवा हात उलटा बसवला गेला आणि त्या हाताचा उपयोग जाहिरातींसाठी होऊ लागला. आईस्क्रीमचा कोनसुद्धा त्या हाताने धरलेला आहे. शहरालगतच्या रेड माउंटन डोंगरावरच्या मोक्याच्या जागी मूर्ती पोहोचली ती १९३० च्या दशकाच्या अखेरीस. लोखंडातून पैसा निघत होता, तो शहरात थांबत नव्हता, हे या मूर्तीच्या हालअपेष्टांतून जितके कळते तितके आकड्यांतूनही क्वचितच कळते.

बर्मिंगहॅमच्या नावावरचा मोठा डाग १९६३ चा. त्या वसंत ऋतूत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली वर्णविभेदाविरुद्ध आंदोलन झाले. किंग यांना अटक झाली आणि त्यांनी तुरुंगातून लिहिलेले पत्र जगभर वाचले गेले. पोलीस खात्याचा कारभार पाहणारे आयुक्त ‘बुल’ कॉनर यांनी शाळकरी मुलांवर कुत्रे आणि पाण्याचे फवारे सोडले, ते दृश्य जगाने पाहिले. १५ सप्टेंबर रोजी सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटात चार मुली मृत्युमुखी पडल्या. १९५० मध्ये शेजारच्या जॉर्जिया राज्यातील अटलांटा आणि बर्मिंगहॅम यांच्या लोकसंख्येत जेमतेम पाच हजारांचा फरक होता. पुढच्या काळात अटलांटाने ‘द्वेषाला वेळ नसलेले शहर’ अशी स्वतःची जाहिरात केली आणि गुंतवणूक तिकडे वळली.

त्यानंतर गोरी मध्यमवर्गीय कुटुंबे रेड माउंटन ओलांडून गेली. माउंटन ब्रुक, होमवुड, व्हेस्टाव्हिया हिल्स, हूव्हर ही गावे स्वतंत्र नगरपालिका असलेली, स्वतःच्या शाळा आणि स्वतःचा कर असलेली आहेत. त्यांतील काहींना शहरात सामील करून घेण्याचा १९६० च्या दशकातील प्रयत्न फसला. परिणामी १९६० मध्ये ३,४०,८८७ असलेली शहराची लोकसंख्या दर दशकाला घटत गेली, पण महानगर परिसर घटला नाही. २०२० मध्ये बर्मिंगहॅमचा महानगर परिसर ११ लाखांहून अधिक होता आणि हंट्सव्हिलचा ५ लाखांच्या आत. ‘सर्वांत मोठे शहर’ या बिरुदाची खरी किंमत ठरवताना हा आकडा विसरता कामा नये.

हंट्सव्हिल वयाने मोठे. जॉन हंट याने १८०५ मध्ये एका मोठ्या झऱ्याकाठी वस्ती केली, आणि अलाबामा राज्याची पहिली घटना १८१९ मध्ये याच गावात लिहिली गेली. त्यानंतरची सव्वाशे वर्षे कापूस, कापडगिरण्या आणि पाण्यात वाढणाऱ्या वॉटरक्रेस नावाच्या पालेभाजीची होती. १९४० मध्ये लोकसंख्या होती १३,०५०.

१९४१ मध्ये सैन्याने गावाच्या नैऋत्येस हजारो एकर जमीन संपादित केली आणि रासायनिक अस्त्रे व दारूगोळा यांचे कारखाने उभारले. त्या जमिनीवर शेती करणारी कुटुंबे उठवली गेली. त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबे बरीच होती. युद्ध संपल्यावर कारखाने ओस पडले आणि १९४९ मध्ये जागा विक्रीला निघाली. हंट्सव्हिलचेच रहिवासी असलेले सिनेटर जॉन स्पार्कमन हवाई दलाचे एक मोठे संशोधन केंद्र आणण्याच्या खटपटीत होते. ते केंद्र शेजारच्या टेनेसी राज्यात टलहोमा येथे गेले. त्याच सुमारास टेक्सासमधील फोर्ट ब्लिस येथे जागा अपुरी पडलेल्या अग्निबाणतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन आणि त्यांच्या शंभरावर जर्मन सहकाऱ्यांना सैन्याने १९५० मध्ये हंट्सव्हिलच्या याच जागेवर, म्हणजे रेडस्टोन लष्करी तळावर हलवले. योगायोग म्हणावा तर हा. हिटलरच्या जर्मनीत याच मंडळींची व्ही-२ क्षेपणास्त्रे छळछावणीतील कैद्यांच्या श्रमांवर तयार झाली होती, ही बाब शहराने पुष्कळ वर्षे उच्चारलीदेखील नाही.

३१ जानेवारी १९५८ रोजी अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ याच चमूच्या अग्निबाणावरून कक्षेत गेला. १९६० मध्ये नासाचे मार्शल केंद्र स्थापन झाले. त्याच वर्षीच्या जनगणनेत शहर ७२,३६५ वर पोहोचले होते. चांद्रमोहिमांच्या सॅटर्न-५ अग्निबाणाच्या इंजिनांच्या स्थिर चाचण्या होत तेव्हा गावातल्या घरांच्या खिडक्या थडथडत. १९६२ मध्ये उभे राहिलेले कमिंग्स संशोधन उद्यान आज देशातील मोठ्या संशोधन उद्यानांत गणले जाते. वर्णविभेदाच्या प्रश्नावरही केंद्राच्या पैशाने आपला प्रभाव दाखवला. इथल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी १९६२ मध्ये उपाहारगृहांत बसण्याचा हक्क मिळवला आणि सप्टेंबर १९६३ मध्ये, बर्मिंगहॅममधील स्फोटाच्या आधी काही दिवस, राज्यातील सरकारी शाळांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एकत्र शिकवणे हंट्सव्हिलमध्ये सुरू झाले. गोऱ्या पुढाऱ्यांचे मन अचानक मोठे झाले असे समजण्याचे कारण नाही. दंगलीची बातमी वॉशिंग्टनला पोहोचली तर कंत्राटे जातील, हे व्यापारी मंडळी ओळखून होती.

चांद्रमोहिमा संपताच मार्शलमधील हजारो नोकऱ्या गेल्या आणि १९७० चे दशक मंदीचे गेले. त्या धड्यानंतर शहराने क्षेपणास्त्र संरक्षण, संगणक प्रणाली, पुढे जनुकशास्त्र आणि वाहनउद्योग यांकडे पाय पसरले. २००५ च्या लष्करी तळ-पुनर्रचनेमुळे सैन्याच्या साहित्यपुरवठा कमांडचे मुख्यालय रेडस्टोनला आले, आणि मझदा-टोयोटाच्या संयुक्त कारखान्यातून २०२१ मध्ये मोटारी बाहेर पडू लागल्या. भोवतालची मोकळी शेतजमीन हद्दीत घेत राहणेही चालू होते. बर्मिंगहॅमला जे जमले नाही ते हंट्सव्हिलला जमले, कारण त्याच्या वाटेत स्वतंत्र नगरपालिका असलेली श्रीमंत उपनगरे फारशी नव्हती.

बर्मिंगहॅमचे दुसरे आयुष्य कमी गाजावाजाचे आहे. स्लॉस भट्ट्या १९७१ मध्ये विझल्या आणि आता राष्ट्रीय स्मारक आहेत. दरम्यान १९६९ मध्ये स्वायत्त झालेले अलाबामा विद्यापीठाचे बर्मिंगहॅम केंद्र, म्हणजे यूएबी, आपल्या रुग्णालयासह राज्यातील सर्वांत मोठा एकल रोजगारदाता बनले. शहरात बँकांची मुख्यालयेही फोफावली, पण साउथट्रस्ट २००४ मध्ये आणि कंपास २००७ मध्ये बाहेरच्यांनी घेतली. मोठ्यांपैकी रीजन्स तेवढी उरली. त्यात जेफरसन परगण्याने सांडपाणी वाहिन्यांसाठी काढलेल्या कर्जाचे प्रकरण भ्रष्टाचाराने आणि गुंतागुंतीच्या वित्तव्यवहारांनी चिघळले, आणि २०११ मध्ये परगण्याने सुमारे ४ अब्ज डॉलरच्या देण्यावर दिवाळखोरी जाहीर केली. डेट्रॉइट शहर दिवाळखोरीत जाण्यापूर्वीची ती देशातील सर्वांत मोठी स्थानिक दिवाळखोरी होती.

नोकरीच्या दृष्टीने पाहता अभियंत्याला हंट्सव्हिल आणि वैद्यक, जैवसंशोधन वा बँकिंगमधल्या माणसाला बर्मिंगहॅम, ही ढोबळ विभागणी बरोबर आहे. मात्र एमएससाठी अमेरिकेत जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने एक अट आधी पाहावी. हंट्सव्हिलमधील संरक्षण कंत्राटांच्या पुष्कळ नोकऱ्यांना गोपनीयतेचा परवाना लागतो आणि तो अमेरिकी नागरिकालाच मिळतो. शस्त्रनिर्यात नियमांखाली येणाऱ्या इतर कामांसाठीही निदान कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना असल्यास सोपे जाते. विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला क्रमवारीतला पहिला क्रमांक तिथे उपयोगी पडत नाही. रुग्णालये आणि विद्यापीठे यांच्याकडे अशी आडकाठी तुलनेने कमी असते.

अवकाशातील लष्करी कारवाया सांभाळणाऱ्या स्पेस कमांडच्या मुख्यालयाचा वाद हंट्सव्हिलचा पोशिंदा किती लहरी असू शकतो हे दाखवतो. जानेवारी २०२१ मध्ये हे मुख्यालय हंट्सव्हिलला देण्याचे ठरले, २०२३ मध्ये ते कोलोरॅडो राज्यातच ठेवण्याचा निर्णय झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा हंट्सव्हिलचे नाव जाहीर झाले. त्याच २०२५ मध्ये केंद्र सरकारने नासाच्या निधीत मोठी कपात सुचवली आणि मार्शल केंद्राकडे असलेला एसएलएस अग्निबाण टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. वैद्यकीय संशोधनाच्या अनुदानातील आनुषंगिक (इमारती, प्रशासन वगैरेंच्या) खर्चावर १५ टक्क्यांची मर्यादा घालण्याचा आदेश त्याच वर्षी फेब्रुवारीत निघाला, न्यायालयांनी तो अडवला, आणि त्याची झळ ज्या विद्यापीठांना बसणार होती त्यांत यूएबी होते.