पालकमंत्री (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्याला राज्याच्या मंत्रिमंडळातला एक मंत्री नेमून दिलेला असतो, त्याला पालकमंत्री म्हणतात. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशात असंच पद 'प्रभारी मंत्री' म्हणून चालतं, आपल्याकडे मात्र सरळ पालकच, म्हणजे जिल्हा अजून सज्ञान झालेला नाही असं धरून चाललेलं दिसतं. राज्यघटना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली तरी हा शब्द सापडणार नाही. नावं मुख्यमंत्री ठरवतात, सामान्य प्रशासन विभाग जीआर (शासन निर्णय) काढतो, झालं. वेगळी शपथ नाही की काही नाही. तरी सरकार आलं की खातेवाटपाइतकीच रस्सीखेच या यादीवरून होते आणि कधीकधी खात्यापेक्षा जास्त होते.

लोकांना पालकमंत्री दिसतो तो 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला, जिल्हा मुख्यालयात झेंडावंदन करताना. मराठवाड्यात 17 सप्टेंबर म्हणजे मुक्तिसंग्राम दिन पण त्यात धरायचा. जो फक्त तेवढ्यापुरताच येतो त्याला पेपरवाले आणि विरोधक 'झेंडामंत्री' म्हणतात, दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर 'पार्सल' असंही म्हणतात.

पण खरी गोष्ट झेंड्याची नाहीच, ती आहे जिल्हा नियोजन समितीची, जिल्ह्याच्या विकासकामांचा आराखडा आणि पैसा ठरवणारी ही समिती, जिला जुन्या इंग्रजी नावाच्या सवयीने सगळे अजून डीपीडीसीच म्हणतात. 74 व्या घटनादुरुस्तीने कलम 243 झेडडी आलं, त्यात म्हटलंय की या समितीतले किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिका-महापालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे. कल्पना अशी की गावं आणि शहरं आपापले आराखडे करतील आणि जिल्ह्याचा एकत्र आराखडा ही समिती करेल. पण अध्यक्ष कसा निवडायचा हे घटनेने राज्यावर सोडलं, आणि महाराष्ट्राने 1998 चा कायदा करताना ती खुर्ची पालकमंत्र्याला दिली, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. म्हणजे खालून वर जायला बांधलेल्या जिन्याच्या टोकाला मुंबईहून आलेला माणूस बसवला.

पैसा किती, तर 2025-26 च्या राज्य अर्थसंकल्पात जिल्हा वार्षिक योजनेच्या सर्वसाधारण भागालाच 20 हजार कोटींच्या वर तरतूद होती, अनुसूचित जाती आणि आदिवासी घटकाचा निधी त्याहून वेगळा. यातून गावचा रस्ता, शाळेची खोली, अंगणवाडी, आरोग्य केंद्राची दुरुस्ती, ट्रान्सफॉर्मर, स्मशानभूमीची शेड असली कामं होतात. एखाद्या देवस्थानाला 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा द्यायचा तर तोही याच बैठकीत. आमदार-खासदार बैठकीला बसतात, बोलतात, भांडतात, पण यादीवरचा शेवटचा हात अध्यक्षाचा असतो आणि कोणत्या आमदाराच्या मतदारसंघात किती गेलं हे ज्याला वाचता येतं त्याला जिल्ह्याचं राजकारण कळतं, बाकी भाषणं ऐकली नाही तरी चालतात. वर्षभर फाईल निवांत असते आणि मार्च एंड आला की निधी परत जाऊ नये म्हणून धावपळ.

याशिवाय खरीप हंगामाची आढावा बैठक पालकमंत्री घेतात. मोठ्या धरणांच्या कालवा सल्लागार समितीतही बऱ्याच ठिकाणी तेच अध्यक्ष असतात, म्हणजे कालव्याला पाण्याचं आवर्तन कधी सोडायचं, शहराला किती, शेतीला किती, हे पुण्यासारख्या जिल्ह्यात त्यांच्यासमोरच ठरतं. शिवाय तालुक्याच्या समित्यांवर कार्यकर्ते नेमायचे असतात, ती यादीही त्यांच्याकडूनच जाते. कार्यकर्ता सांभाळायचा तर पद हवंच.

म्हणून भांडण. सप्टेंबर 2022 मध्ये याद्या निघाल्या तेव्हा देवेंद्र फडणवीस एकटे सहा जिल्ह्यांचे पालक झाले, नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला, भंडारा, गडचिरोली. त्याआधी सरकार बदलल्या बदलल्या, जुलैमध्येच, जुन्या पालकमंत्र्यांच्या काळात मंजूर झालेल्या जिल्हा योजनेतल्या कामांना स्थगिती दिली गेली होती, नवीन पालक येईपर्यंत थांबा म्हणून. ऑक्टोबर 2023 मध्ये अजित पवारांना पुणे मिळालं, त्यासाठी चंद्रकांत पाटलांना ते सोडावं लागलं.

सगळ्यात गाजलं ते रायगड आणि नाशिक. डिसेंबर 2024 मध्ये महायुतीचं, म्हणजे भाजप, शिंदेंची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी यांचं सरकार आलं, पालकमंत्र्यांची यादी यायला 18 जानेवारी 2025 उजाडला. त्यात रायगड राष्ट्रवादीच्या आदिती तटकरेंना आणि नाशिक भाजपच्या गिरीश महाजनांना. रायगडवर शिवसेनेच्या भरत गोगावलेंचा दावा होता, नाशिकवर दादा भुसेंचा. महाडला गोगावलेंचे समर्थक रस्त्यावर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही नेमणुकांना स्थगिती. नाशिकला 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे हे लक्षात घेतलं की ती खुर्ची कोणाला का सोडवत नव्हती ते वेगळं सांगायला नको. त्याच यादीत कोल्हापूर, मुंबई उपनगर आणि गडचिरोलीला सहपालकमंत्रीही नेमले गेले, म्हणजे एका लेकराला दोन पालक. युतीत सगळ्यांना बसवायचं तर खुर्च्या वाढवाव्याच लागतात.

गडचिरोलीचं उलटं. तिकडे जायला कोणी तयार नसायचं, नेमणूक म्हणजे शिक्षाच समजायचे. गृहमंत्री असताना आर. आर. पाटलांनी हा जिल्हा स्वतःकडे घेतला त्याची आठवण लोक म्हणूनच काढतात. पुढे एकनाथ शिंदे आणि फडणवीस यांनीही तो घेतला. आता तिथे लोहखनिज आणि स्टीलची मोठी गुंतवणूक येतेय, त्यामुळे तो जिल्हा आता कोणाला नकोसा राहिला असेल असं वाटत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट कमी बोलली जाते. 2022 पासून बहुतेक जिल्हा परिषदा आणि महापालिकांवर प्रशासक बसले, ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता, आणि मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला तोवर तीन वर्षं उलटून गेली होती. निवडून आलेले सदस्यच नाहीत तर समितीतले ते चार पंचमांश येणार कुठून? बैठका मात्र होत राहिल्या, आराखडे मंजूर होत राहिले. समोर पालकमंत्री, शेजारी कलेक्टर, आणि झेडपीच्या सदस्यांच्या खुर्च्यांवर खातेप्रमुख.