फाइल हलकी, रेष शाबूत

२६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्यात जेमतेम ७३. हा फरक आलेखात दाखवायचा तर सांताक्रूझची सलग रेष, कुलाब्याची तुटक रेष आणि मागे फिकट जाळी. प्रबंधाच्या पीडीएफमध्ये सगळं नीट दिसतं. मग अपलोडची मर्यादा आडवी येते, फाइल एखाद्या ‘कॉम्प्रेस’ बटणातून काढली जाते आणि तुटक रेष सलग वाटू लागते, जाळी मधेमधे गायब होते, अक्षरांभोवती राखाडी धुरळा बसतो.

पीडीएफमध्ये आलेख दोन प्रकारे साठवता येतो. एक, सूचनांच्या रूपात: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, इतक्या जाडीची, या रंगाची रेष ओढ. दुसरा, पिक्सेलच्या चित्राच्या रूपात. सूचना ज्या ‘फ्लेट’ पद्धतीने दाबल्या जातात ती झिप फाइलसारखीच, काहीही न गमावणारी. म्हणजे निव्वळ दाबल्यामुळे रेष फाटत नाही. फाटली असेल तर वाटेत कुठे तरी तिचं चित्र झालेलं असतं: वर्डमध्ये चिकटवलेला स्क्रीनशॉट, जेपीईजीत सेव्ह केलेला आलेख, ‘प्रिंट ॲज इमेज’ची खूण, किंवा पारदर्शक रंग असलेली फाइल पीडीएफ १.३ मध्ये बदलणं. त्या जुन्या आवृत्तीला पारदर्शकता ठाऊकच नाही.

तपासायला आलेख ८०० टक्के मोठा करा. कडेला पायऱ्या दिसल्या तर ते चित्र आहे. पीडीएफ हाताळणाऱ्या ‘पॉपलर’ या मोफत संचातलं ‘पीडीएफइमेजेस’ यादीच्या पर्यायाने चालवलं, तर प्रत्येक चित्राचं रिझोल्यूशन आणि दाबण्याची पद्धत कळते. मोठं करूनही कडा धारदार राहिल्या, पण सारख्या जाडीच्या रेषा पडद्यावर कमीजास्त दिसतात, तर दोष बहुधा पीडीएफ दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या बारीक रेषा ठळक करण्याच्या सेटिंगचा असतो. एक पान छापून पाहा आणि मगच फाइलला हात लावा.

चित्र झालं की काय होतं ते हिशेबानेच कळतं. एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. पीडीएफ लहान करणाऱ्या घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामची ‘स्क्रीन’ सेटिंग चित्रं ७२ पिक्सेल प्रतिइंचावर आणते, ‘ईबुक’ १५० वर, ‘प्रिंटर’ ३०० वर. जाळीची अर्ध्या पॉइंटची रेष ७२ वर अर्धा पिक्सेल उरते, आणि अर्धा पिक्सेल काळा करता येत नाही, म्हणून ती राखाडी होते. ३०० वर तिला दोन पिक्सेल मिळतात, ६०० वर चार. त्यावर जेपीईजीचा घाव. ही पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करते आणि त्यातले झपाट्याने होणारे बदल आधी छाटते. मरीन ड्राइव्हच्या आकाशाच्या फोटोत ते खपून जातं. पण काळी रेष आणि पांढरा कागद यांच्यातली कड म्हणजे झपाट्याचाच बदल. तो छाटला की कडेशी धुरळा उठतो. रंगाची माहिती तर बहुतेकदा निम्म्या रिझोल्यूशनवर ठेवली जाते, म्हणून बारीक लाल रेष सगळ्यांत आधी विटते.

घोस्टस्क्रिप्टमध्ये नुसतं ‘डाउनसॅम्पल’, म्हणजे चित्राचे पिक्सेल कमी करणं, बंद करून भागत नाही. दाबण्याची पद्धत आपोआप निवडणारा ‘ऑटोफिल्टर’ चालू राहिला तर जेपीईजी मागच्या दाराने येतो. तोही बंद करून फिल्टर ‘फ्लेटएन्कोड’ करा, रंगीत आणि ग्रे चित्रांसाठी वेगवेगळा. ग्रेचा विसर हमखास पडतो. एकदा जेपीईजीत गेलेली कड मात्र परत येत नाही, मूळ विदेतून आलेख पुन्हा काढावा लागतो. स्कॅन केलेला काळापांढरा आलेख असेल तर ६०० वर, सीसीआयटीटी ग्रुप ४ या काहीही न गमावणाऱ्या पद्धतीत ठेवावा. जेबीआयजी२ या काळ्यापांढऱ्या चित्रांच्याच दुसऱ्या पद्धतीचा नुकसान करणारा प्रकार नको: तो सारखे दिसणारे आकार एकच समजतो, आणि २०१३ मध्ये काही कॉपियरमध्ये ६ चा ८ झाल्याचं त्यामुळेच उघडकीस आलं होतं.

कधी मात्र वजन खरोखर रेषेतच असतं. अपोलो बंदरच्या भरती-ओहोटीची दर मिनिटाची वर्षभराची नोंद म्हणजे ५,२५,६०० बिंदू. १५ सेंटिमीटर रुंदीच्या आलेखात ६०० पिक्सेल प्रतिइंच धरले तरी आडवे ३,५४३ पिक्सेल होतात, म्हणजे एका पिक्सेलच्या पट्टीत सुमारे १४८ बिंदू. दर १४८ वा बिंदू घेतला तर भरतीचा माथा हुकतो, सरासरी घेतली तर तो बोथट होतो. प्रत्येक पट्टीतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बिंदू, ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने ठेवा. सात हजारांच्या आसपास बिंदू उरतात आणि छापील रेषेत फरक दिसत नाही.

विखुरलेल्या ठिपक्यांना ही युक्ती चालत नाही. तिथे पायथनमधल्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या साधनात फक्त ठिपक्यांच्या थराला ‘रास्टराइज्ड’ लावावं, म्हणजे तेवढ्याच थराचं चित्र होतं, आणि सेव्ह करताना डीपीआय (पिक्सेल प्रतिइंच) ६०० द्यावा. अक्ष, आकडे, रेषा सूचनाच राहतात. शेवटी क्यूपीडीएफ या प्रोग्रामने ऑब्जेक्ट स्ट्रीम (फाइलच्या बारीक तुकड्यांचे एकत्र दाबलेले गठ्ठे) तयार करून फ्लेट पुन्हा दाबलं की, चित्रांना आणि रेषांना धक्का न लावता, थोडं वजन आणखी उतरतं.

आणि छपाईच्या दुकानात व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा. पानाचा फोटो काढून पाठवला, तर वरचा सगळा खटाटोप एका जेपीईजीत वाहून जातो.