फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२: एकाची गोळी दुसऱ्याला चालत नाही

मूल हवंय म्हटलं की फोंडा असो नाहीतर डिचोली, कुणीतरी सांगतंच, "फॉलिक सुरू कर गो." ते बरोबरच आहे. घोटाळा पुढे होतो, फॉलिक घेते म्हणजे बी-१२ पण त्यातच आलं असं बऱ्याच जणी धरून चालतात. फॉलिक म्हणजे व्हिटॅमिन बी-९, बी-१२ हे वेगळं व्हिटॅमिन.

फॉलिकची घाई का, तर बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, तोवर कित्येकींना दिवस राहिलेत हेच कळलेलं नसतं, म्हणून निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम आणि पुढे १२ आठवडे. फार्मसीतली स्ट्रिप उलटी करून बघा, बऱ्याचदा ५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे साडेबारा पट! एवढा डोस आधीच्या बाळाला ही नळी नीट बंद न होण्याचा दोष असेल वगैरे कारणांनी डॉक्टर देतात, मनाने घ्यायचा नाही.

आता जेवण. तांबडी भाजी (लाल माठ), अळसांदे (चवळी) यांत फोलेट, म्हणजे जेवणातलं बी-९, आहे, बी-१२ अजिबात नाही. ते मासे, मटण, अंडी, दूध यांतून येतं, तिसऱ्यांत (शिंपल्यांत) तर भरपूर. श्रावणात महिनाभर शिवराक (शाकाहारी) राहिलात तर काळजी नको, लिव्हरमधला साठा बराच काळ पुरतो. मला काळजी वाटते ती कायम शिवराक असून दूध-दही पण फारसं न घेणाऱ्यांची, आणि पीसीओएससाठी (पाळी अनियमित करणारा हार्मोनचा त्रास) बराच काळ मेटफॉर्मिन ही डायबेटीसचीही गोळी घेणाऱ्यांची, कारण त्या गोळीने बी-१२ कमी होऊ शकतं आणि हे त्यांना कुणी सांगतच नाही.

दोन्हीच्या कमतरतेत रक्तातल्या लाल पेशी मोठ्या होतात, ॲनिमिया सारखाच दिसतो. नुसतं फॉलिक जास्त घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, पण बी-१२ची कमी तशीच राहते आणि हातापायांना मुंग्या येणं, नसांचं नुकसान चालूच. पुण्यातल्या एका अभ्यासात गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये ६ व्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद न देणं) जास्त दिसला. बी-१२ खूप कमी असलं तर गर्भ राहायला अडचण, वारंवार गर्भपात असंही आढळलंय, पण गोळी घेतली की मूल होईलच असं नाही.

म्हणून फॉलिक बंद करू नका, सोबत बी-१२ची रक्ततपासणी मागून घ्या. अंगावर पाजतानाही आईचंच कमी असेल तर दुधातून बाळाला कमीच मिळतं, तेव्हा शिवराक आयांनी बाळंतपणानंतर बी-१२ची गोळी डॉक्टरांना न विचारता सोडू नये.